येणाऱ्या-जाणाऱ्यांची गावं

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी जवळ आली की नांदेड-लातूर रस्त्यावरची वाहतूक लोहा सोडल्यावर मंदावते. पुढे माळेगाव लागतं. एरवी एस.टी.च्या खिडकीतून हे गाव कधी आलं आणि कधी गेलं, कळतही नाही. यात्रेच्या दिवसांत मात्र तिथल्या माळरानावर घोडे, गाढवं, उंट, खोंडं, घोंगड्यांचे ढीग, भांड्यांची दुकानं, पाळणे आणि तमाशाच्या कनाती उभ्या राहतात आणि या सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध खंडोबाचं देऊळ असतं. सकाळी ‘येळकोट’ म्हणत भंडारा उधळणारा माणूस दुपारी जनावरांच्या बाजारात खोंडाच्या पाठीवर थाप मारताना दिसतो आणि रात्री फडाच्या तंबूत. तिन्ही ठिकाणी तो सारख्याच हौसेने जातो.

खंडोबाला हे साजेसंच आहे. त्याची एक बायको म्हाळसा वाण्याची, दुसरी बाणाई धनगराची. व्यापारी आणि मेंढपाळ दोघंही त्याला जावई मानतात आणि तो स्वतः घोड्यावर बसतो. म्हणून घोड्यांचा बाजार त्याच्या दारात भरावा, याचं कुणाला नवल वाटत नाही. घोडा घेणारा आधी त्याचं तोंड उघडून दात पाहतो, मग भोवरे तपासतो, मग थोडं पळवून बघतो. भावाची बोलणी जुन्या पद्धतीत तोंडाने होतच नसत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा ठरायचा. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही तो कळत नसे.

या भागाला जनावरांच्या दोन नामांकित जाती लाभल्या आहेत: नांदेड जिल्ह्यातली लाल कंधारी आणि लातूर जिल्ह्यातली देवणी. दोन्हींची कीर्ती शेतकामाच्या बैलांमुळे झाली, देवणीची थोडी दुधासाठीही. माळेगावच्या पशुप्रदर्शनात या वळूंना आणि कालवडींना अंघोळ घालून, शिंगं रंगवून, झुली पांघरवून आणतात. ट्रॅक्टर आल्यापासून बैलांची गरज घटली, तशी बाजाराची रयाही थोडी बदलली. पण जातिवंत जनावर मिरवण्याची हौस गेलेली नाही. भटक्या जमातींचं यात्रेशी नातं याहून जुनं. वर्षभर पांगलेली कुटुंबं इथे भेटायची, सोयरिकी जुळायच्या, तंटे जातपंचायतीपुढे यायचे. नांदेड जिल्हा परिषद आता इथे कृषी प्रदर्शन, कुस्त्या आणि लावणीचा महोत्सव भरवते. म्हणजे जे आपोआप होत होतं, त्याला सरकारी मांडव मिळाला.

असाच जनावरांचा बाजार युरोपच्या दक्षिण टोकाला, स्पेनमधल्या सेव्हिलमध्येही भरत असे. 1846 मध्ये तिथल्या नगरपालिकेच्या दोन सदस्यांनी एप्रिलमध्ये जनावरांची जत्रा भरवायचा प्रस्ताव मांडला आणि 1847 मध्ये ती पहिल्यांदा भरली. सौदे करायला आलेल्यांसाठी तंबू लागले. तंबूत खाणंपिणं सुरू झालं, गाणं-नाच आला. पुढे जनावरं मागे पडली आणि तंबूच उरले. आज सेव्हिलची ही ‘फेरिया’ आणि तिच्या थोडी आधी येणाऱ्या ईस्टरच्या आठवड्यातल्या मिरवणुका, या दोन्हींसाठी जगभरातून लोक येतात. 1992 मध्ये त्याच शहरात जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा माद्रिदहून वेगवान रेल्वे आली. धर्म, सण आणि धंदा तिथे आता तीन वेगळ्या हंगामांत विभागले गेले आहेत आणि प्रत्येकाची वेगळी जाहिरात होते.

मराठवाड्यात ही वाटणी झाली नाही. नांदेड आणि लातूर या दोन शहरांचा गेल्या तीनशे वर्षांचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी बाहेरून आलेल्यांचा आणि त्यांच्यासाठी झालेल्या सोयींचा इतिहास. नांदेडला लोक माथा टेकायला आले, लातूरला माल विकायला. पण एकासाठी आलेल्या सोयीवर दुसऱ्याचंही काम होत गेलं.

नांदेडच्या या इतिहासाची मोठी तारीख 1708 ही आहे. औरंगजेब मरून वर्ष झालं होतं. त्याचा मुलगा बहादूरशाह गादीवर बसला होता आणि धाकटा भाऊ कामबक्ष याच्यावर दक्षिणेत चालून निघाला होता. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंगजी त्या लष्कराबरोबर दक्षिणेकडे आले आणि गोदावरीच्या काठी नांदेडला थांबले. तिथे माधोदास नावाचा बैरागी राहत होता. गुरूंच्या भेटीनंतर तो बंदासिंग बहादूर झाला आणि पंजाबात जाऊन त्याने मुघलांना हादरवलं. त्याच वर्षी, ऑक्टोबर महिन्यात, गुरूंनी नांदेडलाच देह ठेवला. त्याआधी त्यांनी यापुढे देहधारी गुरू नसेल, ग्रंथसाहिब हाच गुरू, असं सांगितलं. शीख पंथाच्या दृष्टीने एवढी मोठी घटना पंजाबपासून दोन हजार किलोमीटरवर, तेलंगी-मराठी मुलखाच्या सीमेवर घडली. पुढे नांदेडच्या वाट्याला जे आलं, ते याच एका गोष्टीमुळे.

मात्र गर्दी लगेच झाली नाही. वाट लांबची होती आणि मुलूख निजामाचा. आज दिसतो तो सचखंड हजूर साहिब गुरुद्वारा महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात बांधवला. याच सुमाराला हैदराबादचा दिवाण राजा चंदूलाल याच्या मागणीवरून लाहोरहून शीख शिपाई निजामाच्या राज्यात आले आणि इथेच राहिले. त्यांच्या आणि आधीपासून सेवेला राहिलेल्या कुटुंबांच्या वंशजांना दख्खनी शीख म्हणतात. नांदेडच्या गल्ल्यांत त्यांची पोरं मराठीत भांडतात आणि दख्खनीत हसतात.

या लोकांनी हजूर साहिबच्या रीती टिकवल्या आणि पंजाबातल्या भाविकाला त्याचंच जास्त अप्रूप असतं. इथे संध्याकाळी दिवे ओवाळून आरती होते. रोज गोदावरीचं पाणी घागरीत भरून आणायचं काम ठरलेल्या सेवेकऱ्याकडे असतं. त्याला गागरिया म्हणतात. दिवाळीला तख्तस्नान होतं. त्या दिवशी नदीवरून घागरी भरभरून पाणी येतं, सारं तख्त धुतलं जातं आणि एरवी आत जपून ठेवलेली शस्त्रं बाहेर काढून साफ केली जातात. घागरी वाहायला शेकड्यांनी लोक रांगेत उभे राहतात आणि ओल्या कपड्यांतच परततात.

दसरा आणि होळी हे इथले सर्वांत गजबजलेले दिवस. या दोन्ही दिवशी हल्लाबोल मिरवणूक निघते. पुढे निशाणसाहिब, पंजप्यारे, गुरूंच्या नावाने राखलेले सजवलेले घोडे, मागे निळ्या बाण्यातले निहंग, गतका खेळणारी पोरं. मिरवणूक सावकाश चालते. ठरलेल्या ठिकाणी ती थांबते, अरदास होते आणि दुसऱ्या क्षणी तलवारी उपसून सगळा जमाव ‘हल्ला’ करत धावत सुटतो. दुकानदार फळकुटं आवरून ओट्यावर चढलेले असतात. पाच मिनिटांत रस्ता मोकळा होतो आणि चहाची भांडी पुन्हा स्टोव्हवर चढतात. दसऱ्याला सीमोल्लंघन करणाऱ्या मराठी माणसाला यात परकं काही वाटत नाही.

भाविकांची खरी रीघ लागली ती रेल्वे आल्यावर. विसाव्या शतकाच्या तोंडावर निजामाच्या राज्यात मनमाड ते हैदराबाद असा मीटरगेज मार्ग झाला आणि नांदेड त्या मार्गावर आलं. पंजाबचा यात्रेकरू ब्रॉडगेजने मनमाडपर्यंत यायचा, तिथे उतरून गाडी बदलायचा. या बदलाबदलीत रात्र काढावी लागे. मनमाडचा गुप्तसर साहिब गुरुद्वारा अशा वाटसरूंसाठी मोठा आसरा झाला. नांदेडच्या लंगराचीही एक कथा स्टेशनशीच जोडलेली आहे. पंजाबातून आलेले बाबा निधानसिंग परत जायला निघाले असताना त्यांना स्टेशनवरच गुरूंचा दृष्टांत झाला, ‘मागे फीर आणि लोकांना जेवू घाल’, अशी भाविकांची श्रद्धा आहे. ते फिरले. त्यांनी सुरू केलेला लंगर आजही चालू आहे.

स्वातंत्र्यानंतर 1956 मध्ये तेव्हाच्या हैदराबाद राज्याने गुरुद्वाऱ्याच्या कारभारासाठी स्वतंत्र कायदा केला. मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर 1995 मध्ये नांदेड-अमृतसर सचखंड एक्स्प्रेस सुरू झाली. दोन हजार किलोमीटरचा हा प्रवास. वाटेतल्या कित्येक स्टेशनांवर सेवेकरी बादल्या घेऊन उभे असतात. प्रवासी डब्यातून आपापली ताटं-डबे पुढे करतात आणि वरण, भात, भाजी, पोळी घेऊन गाडी सुटते. गाडीच्या वेळापत्रकात नसलेलं हे जेवण वर्षानुवर्षं चुकलेलं नाही.

सेव्हिलला जसं 1992, तसं नांदेडला 2008. ग्रंथसाहिबांना गुरुपद मिळाल्याला तीनशे वर्षं होत होती. गुरु-ता-गद्दीच्या त्या सोहळ्याच्या निमित्ताने शहरात सरकारी पैसा आला तो इतका की नांदेडकर अजूनही काळ ‘गुरु-ता-गद्दीच्या आधी’ आणि ‘नंतर’ असा मोजतात. तेव्हाचे मुख्यमंत्री विलासराव देशमुख लातूरचे, त्यांच्या मंत्रिमंडळातले अशोक चव्हाण नांदेडचे. सोहळ्यानंतर थोड्याच आठवड्यांत, डिसेंबर 2008 मध्ये, मुख्यमंत्रिपद पहिल्याकडून दुसऱ्याकडे गेलं. केंद्राच्या शहर नूतनीकरण अभियानात नांदेडची वर्णी लागली होती. त्यातून रस्ते रुंद झाले, गोदावरीवर घाट बांधले गेले, नळयोजना आणि मलनिस्सारणाची कामं झाली, गुरुद्वाऱ्याभोवतीची दाट वस्ती उठवून परिसर मोकळा केला. विमानतळ नव्याने उभा राहिला आणि त्याला गुरू गोविंदसिंगजींचं नाव मिळालं. मात्र सोहळा संपला आणि विमानांचं वेळापत्रक डळमळू लागलं. कधी सेवा सुरू, कधी बंद. एप्रिल 2017 मध्ये ‘उडान’ योजनेच्या पहिल्याच दिवशी सुरू झालेल्या मार्गांत नांदेड-हैदराबाद होता, तोही कायमचा ठरला नाही.

शहर यात्रेकरूंवर किती अवलंबून आहे, हे 2020 च्या टाळेबंदीत उलट्या बाजूने दिसलं. पंजाबातले सुमारे चार हजार भाविक नांदेडला अडकले. महिनाभर यात्री निवास भरलेले होते, लंगर चालू होता आणि बाहेर लॉजच्या पाट्या, रिक्षा, कडे-किरपाणांची दुकानं सगळं बंद. एप्रिलअखेरीस बसगाड्यांनी ते लोक परतले.

लातूरची कथा वेगळ्या वाटेने जाते. गाव जुनं. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत आणि ते लट्टलूर म्हणजे हेच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण आजचं लातूर घडवलं ते एका अडीच फूट रुंदीच्या रेल्वेने. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये कुर्डुवाडी-बार्शी अशी सुरू झाली, 1906 मध्ये पंढरपूरला पोचली आणि 1911 मध्ये लातूरला. हेतू कापसाचा आणि धान्याचा. वाटेवर पंढरपूर आल्यामुळे आषाढी-कार्तिकीला मालडब्यांतून वारकरी जाऊ लागले. जिथे आदल्या आठवड्यात सरकी-रुईच्या गाठी होत्या, तिथे टाळ घेतलेली माणसं दाटीवाटीने बसत. कंपनीला दोन्ही भाडी चालत.

रेल्वे आल्यावर सहाच वर्षांत, 1917 मध्ये, लातूरची गंजगोलाई उभी राहिली. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिचा आराखडा केला. मधोमध दुमजली गोल इमारत, तिच्या पोटात जगदंबेचं देऊळ आणि भोवती सोळा रस्ते. एकेका रस्त्यावर एकेक धंदा बसला: कुठे सोनं, कुठे कापड, कुठे चपला, कुठे मिरची आणि गूळ. खेड्यातून आलेला शेतकरी कोणत्याही बाजूने गावात शिरला तरी फिरत फिरत गोलाईलाच पोचायचा. आडतीवर माल घालायचा, पट्टी घ्यायची, पोरीच्या लग्नाचा बस्ता बांधायचा, देवीला नारळ फोडायचा आणि संध्याकाळची गाडी धरायची. निजामाच्या राज्यातल्या एका तालुक्याच्या गावाला इतकी नेटकी पेठ मिळाली ती व्यापाऱ्याची आणि गिऱ्हाइकाची ये-जा आधी ओळखल्यामुळे.

महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, तेव्हाही लातूर आपला स्वभाव सोडत नाही. ग्रामदैवताला गंगाजलाचा अभिषेक होतो, भक्तांची रांग लागते आणि त्याच पटांगणात शेती अवजारांची दुकानं, पशुप्रदर्शन, कुस्त्यांचा आखाडा असतो. कापूस आणि जुन्या तेलबियांच्या जागी पुढे तूर आणि सोयाबीन आली. सोयाबीनचा लातुरात काय भाव फुटला, हे विदर्भातला शेतकरीही सकाळी विचारतो.

गेल्या चाळीसेक वर्षांत लातूरला येणाऱ्यांत एक नवा वर्ग आला: विद्यार्थी. राजर्षी शाहू, दयानंद अशा महाविद्यालयांनी बोर्डाच्या गुणवत्ता यादीत जी बाजी मारली, तिचं नाव ‘लातूर पॅटर्न’ पडलं. नांदेड, बीड, परभणी, हिंगोली इथून मुलं येऊ लागली. उद्योग भवनाच्या मागे क्लासेसची वसाहत उभी राहिली, तिच्याभोवती वसतिगृहं, मेस, अभ्यासिका, झेरॉक्सची दुकानं. दहावीचा निकाल लागला की खोली बघायला आई-वडील येतात आणि लॉज मिळेनासा होतो. पंढरीची वारी जशी घरटी एकाने तरी करायची असते, तसं मराठवाड्यातल्या कित्येक घरांतलं एक पोर दोन वर्षं लातूरला राहून येतं.

बार्शी लाइटची जागा 2008 पर्यंत ब्रॉडगेजने घेतली. त्याच वाटेने एप्रिल 2016 मध्ये पाण्याची रेल्वे आली. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली ‘जलदूत’ 12 एप्रिलला लातूर स्टेशनात शिरली, तेव्हा लोक फलाटावर पाणी बघायला जमले होते. त्या उन्हाळ्यात कित्येक वसतिगृहं रिकामी झाली. ज्या शहराचा धंदा बाहेरून आलेल्या माणसांवर चालतो, तिथे दुष्काळाचा फटका शेतापुरता राहत नाही.

एवढ्या माणसांची ये-जा असूनही या दोन जिल्ह्यांतली कितीतरी ठिकाणं या वाटेपासून दूरच राहिली. पंजाबचा भाविक नांदेडला उतरतो, पाच-सहा गुरुद्वारे बसने बघतो, बिदरच्या नानक झिरा साहिबला जातो आणि परततो. राहणं यात्री निवासात, जेवण लंगरात. त्यातून शहरातल्या हॉटेलवाल्याच्या हाती फार काही लागत नाही. वाटेपासून थोडं आत कंधारचा खंदकाने वेढलेला किल्ला आहे. देगलूर तालुक्यात होट्टलची चालुक्यकालीन देवळं आहेत. अलीकडे तिथे महोत्सव भरतो. सदाशिवरावभाऊंनी 3 फेब्रुवारी 1760 ला निजामावर ज्या गावी विजय मिळवला, ते उदगीर लातूर जिल्ह्यात आहे. तिथे एप्रिल 2022 मध्ये 95 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्या तीन दिवसांत गावातली घरं पाहुण्यांसाठी उघडली गेली. माहूरला रेणुकेचं शक्तिपीठ आणि दत्तशिखर यांची गर्दी बारमाही असते, पण ती विदर्भ आणि तेलंगणाकडून येते. नांदेड शहराशी तिचा संबंध बेताचाच. गंमत म्हणजे नांदेड आणि लातूर यांच्यात सरळ रेल्वेही नाही. गाडीने जायचं तर परभणी-परळीला वळसा घालावा लागतो. म्हणून या दोन शहरांमधली खरी ये-जा रस्त्यानेच होते.

आता देवस्थानांच्या नावाने आणखी एक रस्ता आखला गेला आहे. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत 802 किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग माहूर, तुळजापूर आणि कोल्हापूर ही पीठं जोडणार असं सांगितलं जातं. त्याच्या आराखड्यात नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे आहेत. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने त्याच्या भूसंपादनाला मंजुरी दिली. पण मोजणीला आलेल्या पथकांना गावोगावचे शेतकरी अडवत आहेत. नांदेड जिल्ह्यात अर्धापूरच्या बाजूला इसापूर धरणाच्या पाण्यावर केळीच्या बागा उभ्या आहेत. तिथल्या शेतकऱ्यांचा सवाल साधा आहे: माहूरला आणि तुळजापूरला जायला रस्ता आधीच आहे, त्या रस्त्यावर खड्डे असतील तर ते बुजवा, बागायत जमीन कशाला घेता? सरकारचं उत्तर असं की वेगवान रस्त्याने भाविक वाढतील, त्यांच्यामागे हॉटेलं आणि रोजगार येतील. वेगवान रस्त्यावरून जाणारा भाविक अर्धापूरला थांबणार का, याचं उत्तर अजून कुणी बागायतदारांना दिलेलं नाही.